रोज एक थेंब तेल

४ सप्टेंबर

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. असं लिहिलं की पत्र सुरू झाल्यासारखं वाटतं, नाहीतर तुला आशीर्वाद द्यायला मी काही इतकी म्हातारी झालेले नाही.

फोन करायचा सोडून ही पत्रं कसली लिहीत बसते, असं म्हणशील. पण फोनवर बाबांना काही ऐकू येत नाही. ते नुसतं 'हां हां' करतात आणि फोन माझ्या हातात देतात. मग मी विचारते 'बरंय ना', तू म्हणतोस 'बरंय', आणि झालं आपलं बोलणं. पत्र कसं, त्यांच्या उजव्या कानाशी बसून मोठ्यानं वाचता येतं. त्यांना आवडतं ते. एखादी ओळ गाळली तरी ओळखतात. 'का गं, अडखळलीस?' म्हणतात.

सोबत पार्सल आहे. तीन वर्षांपूर्वी तू आला होतास तेव्हा बाबांसाठी आणलेलं दाढीचं मशीन. ते बंद पडलंय. चार्जरला लावलं तर दिवा नाही की आवाज नाही. मी दोन ठिकाणी दाखवून आले. कंपनीच्या दुकानातल्या मुलीनं ते खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. वरचा नंबर वाचला आणि म्हणाली, ह्याची बॅटरी कंपनीची खास असते, सुटी येत नाही, हे मॉडेलही बंद झालं, नवीन घ्या. दुसरा आपला मिक्सर-इस्त्रीवाला. तो म्हणाला, हे उघडलं तर परत मिटणार नाही, माझ्या गळ्यात नको. तू कारखान्यात दिवसभर बॅटऱ्याच जोडत असतोस ना? मग म्हटलं, घरचा कारागीर असताना दारोदार कशाला फिरायचं.

बाबांचं बरं आहे. हात मात्र फार थरथरतो, कप दोन्ही हातांनी धरतात. दाढी वाढलीय. दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायची नाही हा त्यांचा जन्माचा हेका तुला माहीतच आहे. मी म्हटलं, मी करते. तर म्हणाले, 'तू कांदा चिरताना बोट कापून घेतेस, माझा गळा कशाला?' आणि दाढी वाढलीय म्हणून घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. आपल्या सलूनच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण तो दुकानदार भला माणूस, अजून बाबांसाठी दारात खुर्ची टाकतो. रोज नऊच्या ठोक्याला ते तिथं जाऊन बसायचे. मास्तर यायचे, आणखी दोघं-तिघं जुनी गिऱ्हाइकं यायची, अकरापर्यंत गप्पा चालायच्या. आता तीन आठवडे खुर्ची रिकामी आहे. 'दुकान होतं तेव्हा माझी हनुवटी हीच दुकानाची पाटी होती,' म्हणतात. 'अशी खुरटी पाटी घेऊन बाहेर पडू का?'

तेव्हा एवढं कर. बाबांनी मला इतकंच लिहायला सांगितलंय की मशीन बंद पडलंय, जमतं का बघ म्हणावं. जास्त काही लिहू नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही.

तुझी,
ताई


१९ सप्टेंबर

ताई,

सा. न. पार्सल मिळालं. उत्तराला उशीर झाला. ओव्हरटाइम चालू आहे, घरी आलो की पाठ टेकतो.

मशीन बघितलं. दुकानातली मुलगी बरोबर सांगत होती. ह्यातला सेल नेहमीच्या मापाचा नसतो, मुद्दाम थोडा कमी-जास्त करतात. वर त्याला पत्र्याच्या बारीक पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात आणि कवच चिकटवून टाकतात. बॅटरी मेली की मशीन फेकायचं आणि माणसानं निमूट दुसरं आणायचं, असा तो डाव असतो.

पण बॅटरी मरते कशानं, तेही सांगतो, कारण माझा तो रोजचा धंदा आहे. वापरात असली की ती जगते. रिकामी होऊन वर्षानुवर्षं कपाटात पडली की मरते. खोका उघडला तेव्हाच मला सगळं कळलं. मी दिला तस्सा आहे. कोपरा दबलेला नाही. आतली प्लास्टिकची पिशवी तीच, तिची घडीही तीच, चार्जरच्या वायरीला कारखान्यातून आलेली तारेची गाठसुद्धा तशीच. तीन वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही. आता हात अगदीच चालेनासा झाला तेव्हा आठवण झाली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चार दुकानं पालथी घालून घेतलं होतं ते. थरथरत्या हाताला कापणार नाही असंच हवं म्हणून दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. आणि बाबांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, 'ह्याला धार कुठाय?' चार माणसांदेखत. मास्तर तर पोट धरून हसले. त्यानंतर मला तिकडे यावंसंच वाटलं नाही. सुट्टी मिळत नाही असं दर वेळी सांगतो, ते खरं नाही. सुट्टी मिळते.

नवीन मशीन पाठवतोय. तेही कपाटातच जाणार असेल तर निदान महिन्यातून एकदा चार्ज करत जा.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा


२६ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी हात पुसत बाहेर आले आणि नेहमीसारखी बाबांच्या कानाशी बसून वाचायला लागले. आधी स्वतःशी वाचून घ्यावं एवढी अक्कल मला सुचली नाही. 'बॅटरी मरते कशानं' इथपर्यंत आले आणि पुढची ओळ डोळ्यांना दिसली, पण थांबता येईना. थांबले असते तर त्यांनी ओळखलंच असतं. म्हणून वाचत गेले. सगळं वाचलं. मास्तर हसले तेही वाचलं.

बाबा उठले, आतल्या खोलीत गेले आणि बेसिनवरचा आरसा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाले, 'त्याला लिही. म्हणावं, तू कारागीर ना? मग आधी मशीन उघड, आणि मग बोल.' बस्स. मी सांगते ना त्याला, म्हटलं, तर माझ्यावरच डाफरले. 'तू काही सांगायचं नाहीस. त्याचं त्याला बघू दे.'

तेव्हा मी काही सांगत नाही. तोंडावर बोट.

पण माझं म्हणून एक सांगते. त्या दिवशीचं तू अर्धंच लिहिलंस. 'ह्याला धार कुठाय' असं बाबांनी विचारलं, बरोबर. त्यावर तू काय म्हणालास? मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. 'तुमच्या हाताला तरी कुठं राहिलीय?' असं म्हणालास. चार माणसांदेखत. तेव्हा मात्र मास्तर हसले नव्हते.

नवीन मशीन आलं. बाबांनी खोका उघडला नाही. 'जावयांना दे' म्हणाले. तुझे भावजी खूश आहेत, हल्ली दिवसातून दोनदा दाढी करतात आणि गालावरून हात फिरवत हिंडतात. घरात एक दाढीवाला आणि एक तुळतुळीत, अशी जोडी मला सांभाळावी लागतेय.

ताई


२० ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र खिशात घालून तीन आठवडे फिरलो. राग होता म्हणून उत्तर दिलं नाही, आणि राग गेल्यावर लाज होती म्हणून दिलं नाही.

आधी कबूल करतो. 'मशीन बघितलं' असं मी लिहिलं होतं ते खोटं होतं. मी खोक्याचं झाकण उघडलं, ती पिशवी, ती घडी, ती तारेची गाठ बघितली आणि झाकण लावून खोका फळीवर ठेवून दिला. पिशवीतून मशीन बाहेरच काढलं नाही. विसरलोच होतो मी, की बाबांची प्रत्येक वस्तू अशीच असते. कात्री कापडात, कापड डब्यात, डबा खणात. चाळीस वर्षं वापरलेला वस्तरा दुकानातून आत्ता आणल्यासारखा दिसायचा. त्यांच्या हातची वस्तू खोक्यावरून ओळखायला गेलो, हा माझा मूर्खपणा.

परवा रविवारी शेवटी पिशवी सोडली. मशीन हातात घेतलं आणि पहिल्यांदा दिसलं ते बटणाखालचं रबर. अंगठा टेकतो तिथं ते झिजून गुळगुळीत झालंय.

आता हे पुढचं बाबांना वाच. मोठ्यानं वाच, काही गाळू नको.

बाबा, मी मशीन उघडलं. मागच्या कवचाची चिकटवलेली कड ह्याआधीही कुणीतरी सोडवलेली आहे, बारीक, जपून, बहुतेक कात्रीच्या टोकानं. जाळी इतकी पातळ झालीय की उजेडात धरली तर पलीकडचं दिसतं. पाण्यानं धुवून निघत नाहीत अशा सगळ्या कोपऱ्यांत पांढऱ्या केसांची भुकटी घट्ट बसलीय. आणि आतलं पातं. त्याला धार लावलेली आहे. कंपनी सांगते की पातं बदला, धार लावायची सोयच नाही. तुम्ही ते काढून चामड्याच्या पट्ट्यावर ओढलंत, वस्तऱ्यासारखं. त्या रेघा मला ओळखू आल्या. 'ह्याला धार कुठाय' असं तुम्ही विचारलंत, आणि नंतर स्वतःच लावलीत.

कवच उघडल्याबरोबर वास आला. आपल्या दुकानातल्या तेलाचा, केस कापायच्या मशीनच्या दात्यांना तुम्ही रोज एक थेंब घालायचात ते. ह्यालाही रोज एक थेंब घालत होतात ना? तिथंच घोटाळा झाला. हे मशीन तेल पिणारं नाही. तेलानं आतलं रबर फुगून सैल झालं, मग धुताना पाणी झिरपत राहिलं आणि बॅटरीची टोकं हिरवी पडली. पडून राहून मेली नाही ती. तुमच्या काळजीनं मेली.

आणि बॅटरीच्या बुडाशी मला चामड्याचा एक चौकोनी तुकडा सापडला, नखाएवढा. टोक सैल झालं होतं म्हणून दाबून धरायला बसवलेला. तुमच्याच पट्ट्याचा आहे. ज्या पट्ट्याला लहानपणी मी नुसता हात लावला तरी ओरडायचात, तो तुम्ही ह्याच्यासाठी कापलात.

बाबा, मी त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं. आणि पत्रातही लिहायला नको होतं. मला माफ करा.

ताई, आता बॅटरीचं. तसा सेल कुठंच मिळत नाही. पण आमच्याकडे एका जुन्या मीटरमधून निघालेला, त्याच जाडीचा, केसभर आखूड असा एक आहे. नव्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतील. सोल्डरिंगचा डाग देऊन चालत नाही, उष्णतेनं सेल बिघडतो. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं करतो. सेल आखूड आहे म्हणून फट राहते, तिथं तो चामड्याचाच तुकडा परत बसवणार आहे. बरोबर मापाचा आहे.

एक विचारायचं होतं. वापरत होते तर मला कधी सांगितलं का नाही?

तुझा,
धाकटा


२७ ऑक्टोबर

धाकट्या,

वाचलं. ह्या वेळी आधी स्वतः वाचून घेतलं, रडून घेतलं, तोंड धुतलं आणि मग वाचलं. तरी चामड्याच्या तुकड्यापाशी आवाज गेलाच. बाबा म्हणाले, 'परत वाच.' परत वाचलं. मग म्हणाले, 'ओळखला त्यानं. वासावरून ओळखलं तेल.' दिवसभर मधूनमधून तेच. संध्याकाळी तुझ्या भावजींनाही ऐकवलं, 'पोरानं वासावरून ओळखलं.'

आरसा परत भिंतीला लागलाय.

आता मला बोलायची परवानगी मिळालीय, म्हणून सांगते. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते मशीन चालू झालं. रोज सकाळी सातला बाबा आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचे. बेसिनच्या फळीवर वस्तरा उघडून ठेवायचे, ब्रश भिजवायचे, वाटीत साबणाचा फेस करायचे. सगळा थाट. मग नळ सोडायचे, अगदी पूर्ण, आणि मग मशीन सुरू करायचे. नळाच्या आवाजात मशीनचा आवाज झाकला जावा म्हणून! आणि दाढी झाली की गालावर हात फिरवत बाहेर यायचे. नळ बंद करायला हमखास विसरायचे, तो मी धावत जाऊन बंद करायची. टाकी दोनदा रिकामी झाली. हे वैतागून म्हणाले, 'तुझ्या बाबांना दाढीला समुद्र लागतो का?' तरी मी त्यांनासुद्धा सांगितलं नाही.

कारण काय, तर चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं, मशीननं होते ती दाढी नव्हे, ती खरड. आता दुकानाच्या दारात मास्तर रोज विचारायचे, 'काय हो, अजून वस्तरा चालतो हाताला?' आणि बाबा म्हणायचे, 'बघा की हनुवटी.' ते मोडवेना. हात गेला हे कुणाला कळायला नको होतं.

आणि तुला का नाही सांगितलं, हे मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, 'पत्रात काय सांगायचं. तो घरी आला की त्याच्यासमोर करून दाखवणार होतो.' तू येशील म्हणून ते तीन वर्षं वाट बघत होते, आणि त्यांना नको वाटतं म्हणून तू तीन वर्षं आला नाहीस. मला दोघांचीही पाठ धपाटे घालून लाल करावीशी वाटली. पण मीही गप्पच राहिले की. मला तर सगळं माहीत होतं.

त्यांचा निरोप असा, जसा सांगितला तसा लिहिते. 'मशीन पाठवू नको, घेऊन ये. आता दाढी फार वाढलीय, नुसत्या मशीननं व्हायची नाही, आधी कात्री चालवावी लागेल. विसरला नसेल म्हणावं. मी खुर्चीत बसेन, त्यानं करायची. बघू हात कसा आहे.'

ताई

ता.क. हे त्यांना वाचून दाखवलेलं नाही. तू कुरिअरनं आजच्या आज पाठव आणि मागाहून ये. कात्री मी कशीबशी चालवीन. जेवण निम्म्यावर आलंय. दोन महिन्यांवर झाले, उंबरठा ओलांडलेला नाही. खिडकीशी बसून नऊ वाजले की घड्याळाकडे बघतात. आठवडाभर खोकलाही आहे.


३ नोव्हेंबर

ताई,

घाईत लिहितोय. मशीन चालू झालं! काल पहिल्यांदा आवाज आला, तेव्हा बाजूच्या टेबलावरचे दोघं उठून बघायला आले.

कुरिअरनं पाठवणार नाही. रागावू नको. कुणी आपटलं तर नवीन वेल्ड सुटेल. आणि बाबांनी घेऊन ये म्हटलंय. असं ते कधी म्हणाले होते सांग बरं? अठराव्या वर्षी, लोकांच्या हनुवट्या धरत जन्म काढणार नाही, असं सांगून मी घर सोडलं, त्यानंतर त्यांनी मला कधी कात्रीला हात लाव म्हटलं नाही. आता म्हणतायत. मला स्वतःच करायचंय.

रजा अठरा तारखेपासून मंजूर झालीय. आधीची मिळत होती, पण मीच मागितली नाही. मशीन पूर्ण चार्ज करायचं, संपेपर्यंत चालवायचं, असं दहा वेळा करून बघतोय. सेल परका आहे, दगा द्यायला नको. बाबांसमोर मध्येच बंद पडलं तर तोंड दाखवायला जागा नाही. आतापर्यंत दोनदा झालं, दोन्ही वेळा चाळीस मिनिटं चाललं.

पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. त्यांना म्हणावं, खुर्ची खिडकीपाशी घ्या, उजेड लागेल मला.

तुझा,
धाकटा


१ डिसेंबर

ताई,

पोचलो. फोन केला होता, पण फोनवर मी पुन्हा 'बरंय' एवढंच म्हणालो, म्हणून लिहितोय. पहिल्यांदाच असं पत्र लिहितोय जे तू कुणाला वाचून दाखवणार नाहीस.

दहा वेळा चार्ज करून बघणार होतो मी. पंधरा तारखेला दुपारी दवाखान्यातून तुझा फोन आला तेव्हा नववी खेप चालू होती. दोनदा बघून पाठवलं असतं तरी चाललं असतं. तू लिहिलं होतंस. स्पष्ट लिहिलं होतंस, आजच्या आज पाठव म्हणून. ते पत्र मी आता रोज काढून वाचतो. खोकल्याची ओळही होती त्यात. ती मी वाचली होती आणि पुढं गेलो होतो.

बाबांनी रोज एक थेंब घालून मशीन घालवलं. मी रोज तपासत बसून दिवस घालवले. एकाच घरची खोड.

आणि त्याच्याही आधी ते मशीन सहा आठवडे माझ्या फळीवर पडून होतं. पहिल्याच दिवशी पिशवी सोडली असती तर सप्टेंबरात ते नऊ वाजता खुर्चीत जाऊन बसले असते. मी दुसऱ्या कुणावर ढकलायला बघतो, कंपनीवर, त्या चिकटवलेल्या कवचावर, पण ते काही टिकत नाही. सेल मिळाला, वेल्ड झालं, सगळं दहा दिवसांचं काम होतं.

दवाखान्यातलं तू सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. नर्स म्हणाली की दाढीवर ऑक्सिजनचा मास्क नीट बसत नाही, हवा सुटतेय, दाढी काढून टाकू का. आणि बाबांनी मान हलवली. 'मुलगा येतोय परवा. तो करणार आहे.' ताई, मास्क बसला असता तर?

आता जे तिथं बोलता आलं नाही ते. मी आलो तेव्हा माणसं जमली होती. बाबांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, असं न्यायचं नाही, ह्या माणसानं आयुष्यात दाढी वाढवून उंबरठा ओलांडलेला नाही, कुणालातरी बोलवा. मी म्हटलं, मी करतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दार लावून घेतलं.

कात्री डब्यात होती, कापडात. विसरलो नव्हतो. कंगवा धरायचा, वर उचलायचं, कापायचं. हात आपोआप चालला. तीन महिन्यांची दाढी, पांढरी, मऊ. मग खोक्यातून मशीन काढलं. त्यांचे गाल आत गेले होते म्हणून कातडी ताणून धरावी लागली. त्यांनीच शिकवलं होतं ते, मी बारा वर्षांचा असताना, स्वतःच्या गालावर. हनुवटीखाली त्यांना एक जुनी खूण आहे, तिथं उलट्या बाजूनं फिरवलं. अकरा मिनिटं लागली. मशीन एकदाही अडखळलं नाही. मला सारखं वाटत होतं, आता म्हणतील, 'बरा आहे हात.'

मग बाहेर आलो ते मला काही आठवत नाही. मशीन तिथंच राहिलं. तुझ्याजवळच असू दे.

एकच विचारायचंय. मशीनचा आवाज बाहेर आला होता का? मास्तर दाराशीच बसले होते. तेवढं खरं सांग.

धाकटा


९ डिसेंबर

धाकट्या,

मास्कचं आधी. डॉक्टरांना मी तीनदा विचारलं, तीन वेगवेगळ्या वेळी, म्हणजे थकून तरी खरं बोलतील. तिन्ही वेळा म्हणाले, दाढीनं काही झालेलं नाही, छाती आधीच भरून आली होती. हे तुला तिथंच सांगायला हवं होतं. पण तू कुणाच्या डोळ्याला डोळाच देत नव्हतास.

बाकी जे लिहिलंस ते मी खोडून काढणार नाही. पाठवायला हवं होतंस. आणि तुझं पहिलं पत्र वाचताना मी थांबायला हवं होतं, 'अडखळलीस का' म्हणाले असते तरी. आणि तीन वर्षांत कधीतरी एका ओळीत लिहायला हवं होतं की अरे, वापरतायत रे ते तुझं मशीन. बाबांनी शपथ घातली नव्हती, नुसतं 'सांगू नको' म्हणाले होते. मी एरवी त्यांचं कुठं एवढं ऐकते? ही माझी बोच माझ्याजवळ राहील, तुझी तुझ्याजवळ. वाटून घेतली म्हणून कमी होत नाही, पण निदान दोघांना माहीत आहे.

मशीन पुसून पिशवीत घातलं, पिशवीची तीच घडी केली, खोक्यात ठेवलं. सवयीनं तेलाच्या बाटलीकडे हात गेला होता. मग थांबले.

खुर्ची अजून दुकानाच्या दारात आहे. तो कव्हरवाला म्हणाला, राहू दे, मला अडचण नाही. मास्तर येऊन शेजारी उभे राहतात, बसत नाहीत.

आता तू विचारलंस ते. मी दाराबाहेरच होते, मास्तरांच्या बाजूला. दार लागलं, जरा वेळ कात्रीचा आवाज आला. मग काहीच नाही. आणि मग आतून नळ सोडल्याचा आवाज आला. पूर्ण सोडलेला. मी पदर तोंडात धरला. दुसरं काही ऐकू आलं नाही, धाकट्या. नुसतं पाणी.

तू बाहेर आलास आणि मास्तर आत गेले. वाकून बाबांच्या हनुवटीकडे बघितलं, दोन बोटं गालावरून फिरवली, आणि बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाले, 'वस्तऱ्याचं काम आहे. बापाचा हात उतरलाय पोरात.' मी काही बोलले नाही.

नळ मात्र तूही उघडाच टाकून आलास. मी गेले बंद करायला, पण जरा वेळानं.

तुझी,
ताई